रिकामी जागा रिकामीच दिसू द्या

मोबाइलवर ‘वाढ’ एवढी दोनच अक्षरे टाइप केली की ‘वाढदिवसाच्या’, ‘हार्दिक’, ‘शुभेच्छा’ असे शब्द ओळीने समोर येऊन उभे राहतात. तीनदा बोट टेकवले की संदेश तयार. कधी तरी हेच बोट घसरते आणि शोकसंदेशाच्या जागी शुभेच्छा जातात. मग दिलगिरी, चार दिवस थट्टा, आणि विषय संपतो. शब्द आपोआप पूर्ण करून देणारी हीच सोय आता रुग्णालयांतल्या संगणकांवरही आली आहे. केसपेपर, औषधांची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड हे सगळे हळूहळू पडद्यावर लिहिले जात आहे. तिथे चुकीचा शब्द निवडला गेला तर विषय थट्टेवर संपत नाही.

या सोयीला माझा विरोध नाही. सकाळच्या ओपीडीत दाराबाहेर रांग लागलेली असताना प्रत्येक अक्षर टाइप करत बसा, असे कोणत्याही डॉक्टरला सांगणे व्यवहार्य नाही. पण यंत्राने लिहिण्याचा कोणता भाग पूर्ण करावा आणि कोणता माणसासाठी सोडावा, हे आधी ठरवले पाहिजे. ते कसे ठरवावे याचा एक चांगला नमुना वैद्यकाच्या बाहेर, शास्त्रीय मजकुराची अक्षरजुळणी करणाऱ्या मंडळींकडे आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांना १९७७ मध्ये आपल्या ‘द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रामिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून फार निराशा झाली. खिळ्यांची जुनी जुळणी मागे पडून नवे तंत्र आले होते आणि त्यात गणिताची सूत्रे नीट उमटत नव्हती. मग त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची ‘टेक’ ही प्रणाली लिहायला घेतली. पुढे १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर ‘लाटेक’ उभी केली. आमचे पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंध सहसा वर्डमध्येच लिहितात. पण गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र या विषयांतले शोधनिबंध आजही मोठ्या प्रमाणावर लाटेकमध्ये जुळवले जातात.

लाटेकमध्ये मजकुराबरोबर आज्ञाही लिहाव्या लागतात. तक्ता हवा असेल तर ‘इथे तक्ता सुरू’ अशी एक आज्ञा आणि शेवटी ‘इथे तक्ता संपला’ अशी दुसरी. शेवटची आज्ञा राहिली तर पान तयारच होत नाही. शंभर पानांच्या प्रबंधात अशी राहिलेली एक ओळ शोधताना रात्र जाते. म्हणून लाटेकसाठी बनवलेल्या संपादकांत, म्हणजे ज्या खिडकीत हा मजकूर टाइप करतात त्यात, आज्ञा पूर्ण करून देण्याची सोय असते. पहिली काही अक्षरे टाइप करायची आणि एक कळ दाबायची. काही संपादकांत ती एस्केप असते, काहींत टॅब किंवा एंटर. लगेच सुरुवात आणि शेवट या दोन्ही आज्ञा जोडीने पानावर येतात.

यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. संपादक सांगाडा देतो, आतला मजकूर देत नाही. जिथे आकडा, शीर्षक किंवा शब्द माणसाने लिहायचा आहे तिथे तो एक ठळक ठिपका किंवा रंगीत चौकट ठेवतो. दुसरी कळ दाबली की कर्सर एका रिकाम्या जागेवरून पुढच्या रिकाम्या जागेवर जातो. लिहिणाऱ्याला कंटाळा आला, झोप आली, तरी ठिपका तिथेच असतो. तक्त्यात सर्वसाधारणपणे कोणते आकडे असतात याचा अंदाज करून संपादक ते आपणहून भरून टाकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चूक दडत नाही. अस्तित्वात नसलेल्या तक्त्याचा हवाला दिला तर छापील पानावर त्या जागी दोन प्रश्नचिन्हे उमटतात. वाचणाऱ्या कोणालाही ती दिसतात.

तरीही एक चूक या व्यवस्थेतूनही निसटते. समजा एकाच लेखकाचे दोन निबंध आहेत, एक २०१२चा आणि दुसरा २०२१चा. संदर्भ देताना संपादक दोन्हींची यादी पुढे करतो. घाईत वरचा निवडला, हवा होता खालचा. दोन्ही निबंध खरेच अस्तित्वात आहेत, त्यामुळे प्रश्नचिन्हे उमटत नाहीत. पान देखणे छापून येते आणि हवाला चुकीचा असतो. यंत्राला शब्दलेखन तपासता येते, आज्ञांच्या जोड्या जुळवता येतात, पण लिहिणाऱ्याच्या मनात काय होते हे त्याला कळत नाही. रुग्णालयात घातक ठरते ती नेमकी याच जातीची चूक, म्हणजे दिसायला निर्दोष आणि अर्थाने चुकीची.

यादीतून चुकीचे नाव उचलले जाण्याचे सर्वांत दुःखद उदाहरण अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात ७५ वर्षांच्या एका महिलेची स्कॅन तपासणी व्हायची होती. यंत्रात जाण्याची भीती वाटू नये म्हणून तिला व्हर्सेड हे शामक औषध द्यायचे ठरले. औषधे एका संगणकीकृत कपाटात होती. परिचारिकेने नावाची पहिली दोन अक्षरे, ‘व्ही’ आणि ‘ई’, टाइप केली. पण व्हर्सेड हे व्यापारी नाव. त्या औषधाचे मूळ नाव मिडाझोलाम, आणि कपाट त्या वेळी मूळ नावांनी शोध घेत होते. परिचारिकेने नेहमीची मर्यादा ओलांडण्याची कळ दाबली आणि पुन्हा तीच दोन अक्षरे टाइप केली. यादीतून जे औषध उचलले गेले ते होते व्हेक्युरोनियम. भूल देताना स्नायू पूर्ण लुळे पाडण्यासाठी ते वापरतात. ते दिले की श्वासाचे स्नायूही थांबतात. बाटलीवरचा इशाराही नजरेतून निसटला आणि ती महिला दगावली. मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने परिचारिकेला दोषी ठरवले आणि मे महिन्यात तिला तीन वर्षांची परिवीक्षा, म्हणजे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा, झाली.

परिचारिकेची जबाबदारी होतीच. पण स्नायू लुळे पाडणारे औषध केवळ दोन अक्षरांवर समोर येत असेल, तर ती यादी बनवणाऱ्यांनाही काही प्रश्न विचारायला हवेत. औषधांच्या सुरक्षित वापरासाठी काम करणाऱ्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस’ या अमेरिकी संस्थेची शिफारस आता अशी आहे की, अशा कपाटात औषध शोधताना नावाची किमान पाच अक्षरे टाइप करावी लागली पाहिजेत. तीन अक्षरे जास्त म्हणजे फार तर दोन सेकंद जास्त.

हा धोका आपल्यापासून दूर नाही. इंग्रजीत ‘मेट’ची तीन अक्षरे टाइप करा. मधुमेहाचे मेटफॉर्मिन, जंतुसंसर्गावरचे मेट्रोनिडाझोल, रक्तदाबावरचे मेटोप्रोलोल, उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड आणि संधिवातावरचे मेथोट्रेक्सेट ही सगळी मंडळी एकाच यादीत येतात. यातले मेथोट्रेक्सेट विशेष जपून लिहायचे औषध. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदा घेतात. ते चुकून रोज घेतले गेले तर तोंडाला फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात आणि जीवही जाऊ शकतो. आता समजा, औषधाचे नाव निवडताच संगणक पुढच्या चौकटीत ‘रोज एकदा’ असे आपोआप भरतो. बहुतेक औषधे रोज घ्यायची असतात, त्यामुळे हा अंदाज शंभरातल्या बहुतेक चिठ्ठ्यांत बरोबरच येतो. एखाद्या चिठ्ठीत तो चुकतो, आणि लिहिणाऱ्याला तोवर त्या चौकटीकडे न पाहण्याची सवय लागलेली असते. लाटेकच्या संपादकाने त्या जागी ठिपका ठेवला असता. या औषधापुरती ती चौकट रिकामी ठेवावी, नाही तर ‘आठवड्यातून एकदा’ हेच आधी दाखवावे, एवढा साधा बदल माणूस वाचवू शकतो.

तपासणीच्या नोंदींचे दुखणे वेगळे आहे. अनेक प्रणालींत एक लघुशब्द टाइप केला की ‘छाती स्वच्छ, हृदयाचे ठोके नियमित, पोट मऊ, दोन्ही पायांच्या नाड्या लागतात’ असा अख्खा परिच्छेद येतो. हा सांगाडा नाही. हे निष्कर्ष आहेत, आणि ते रुग्णाला हात लावण्याआधीच लिहून झालेले आहेत. डॉक्टरने जे वेगळे आढळले तेवढे बदलायचे असते. बदलायचे राहिले तर मधुमेहामुळे एक पाय कापावा लागलेल्या माणसाच्या कागदावरही दोन्ही पायांच्या नाड्या लागतात. असा कागद वाचणारा पुढचा डॉक्टर मग बाकीच्या ओळींवर तरी विश्वास कसा ठेवणार?

कालची नोंद उचलून आज चिकटवणे हा याचाच भाऊ. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या २३ हजारांहून अधिक दैनंदिन नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मजकुरापैकी जेमतेम १८ टक्के हाताने टाइप केलेला होता. ४६ टक्के मजकूर आधीच्या नोंदींतून उचललेला होता आणि उरलेला ३६ टक्के प्रणालीतून आपोआप आलेला होता. उचललेले सगळे चुकीचे असते असे नाही. रुग्णाची दहा वर्षांपूर्वीची शस्त्रक्रिया रोज नव्याने सांगण्याची गरज नसते. पण आज काय नवे आहे हे त्या गर्दीत शोधायचे म्हणजे गव्हातले खडे वेचण्यासारखे होते. आणि एकदा घुसलेली चूक, समजा डाव्याऐवजी उजवा गुडघा, कागदावरून कागदावर चालत राहते. चार ठिकाणी तेच लिहिलेले दिसले की ते खरे वाटू लागते.

यंत्राच्या आगाऊपणाचा फटका संशोधनालाही बसला आहे. माणसाच्या काही जनुकांची इंग्रजी लघुनावे ‘सेप्ट १’, ‘मार्च १’ अशी होती. ती एक्सेलच्या तक्त्यात टाइप केली की एक्सेल त्यांना तारखा समजून बदलून टाकत असे. कोणीही काही विचारत नसे आणि तक्ता नीटनेटका दिसत असे. एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशा चुका असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावे बदलल्याचे जाहीर केले. ‘सेप्ट १’चे ‘सेप्टिन १’ झाले. यंत्र ऐकेना म्हणून विज्ञानानेच नाव बदलले.

शिकलेसवरलेले, काळजीने काम करणारे लोक यात का फसतात? त्याचे कारण मेंदूच्या कामाच्या पद्धतीत आहे. एखादी गोष्ट आठवणे आणि समोर आलेली गोष्ट ओळखणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आठवायला कष्ट पडतात. ओळखायला फार कमी. रिकामी चौकट दिसली की डॉक्टरला आठवावे लागते: याचे वजन किती, किडनीचा अहवाल काय होता, कोणत्या औषधाची ॲलर्जी सांगितली होती? भरलेली चौकट दिसली की मेंदू फक्त ‘ओळखीचे आहे ना’ एवढे पाहतो आणि पुढे जातो. शिवाय यंत्र बहुतेक वेळा बरोबर असले की त्याच्यावरचा विश्वास वाढत जातो आणि तपासण्याची सवय मोडते. विमानांच्या कॉकपिटमध्ये या प्रवृत्तीचा बराच अभ्यास झाला आहे. सलग ड्यूटीतल्या पहाटे तीनच्या निवासी डॉक्टरला ती जास्तच लागू पडते. ‘नीट लक्ष देत जा’ एवढे बजावून ती जात नाही. त्यासाठी पडद्याची रचनाच बदलावी लागते.

शब्द पूर्ण करणाऱ्या तंत्राने माणसांचे केलेले भलेही सांगितले पाहिजे. स्टीफन हॉकिंग यांचे शरीर मज्जातंतूंच्या आजाराने जवळजवळ पूर्ण निकामी झाले होते. नंतरच्या काळात गालाच्या एका स्नायूच्या हालचालीवर ते संगणक चालवत. पुढचा शब्द सुचवणारी प्रणाली नसती तर त्यांना एकेक वाक्य लिहायला किती तरी जास्त वेळ लागला असता. पक्षाघातानंतर एका हाताने टाइप करणाऱ्यांना, बोटांच्या सांध्यांत वेदना असणाऱ्यांनाही ही सोय मोलाची आहे. शिवाय डॉक्टरांचे हस्ताक्षर हा आपल्याकडचा जुना विनोद आहे आणि त्यामागे चुकीच्या औषधांचा जुना इतिहासही आहे. छापील चिठ्ठी त्यापेक्षा केव्हाही बरी.

सरकारी रुग्णालयात तर या सोयीचा एक फार चांगला उपयोग होऊ शकतो. डॉक्टर ‘बीडी’ असे लिहितात. रुग्णाच्या घरी ते कोणालाच वाचता येत नाही. डॉक्टरने तीच दोन अक्षरे टाइप करावीत आणि चिठ्ठीवर ‘सकाळी १ गोळी, रात्री १ गोळी’ असे मराठीत ठळक छापून यावे. जखमेची काळजी, मधुमेहींनी पायांना कसे जपावे, कोणते लक्षण दिसले तर लगेच परत यावे, हा मजकूर सगळ्यांसाठी सारखाच असतो. तो एकदा नीट लिहून ठेवावा आणि एका कळीवर द्यावा. मात्र तिथेही ‘जेवणानंतर’ हा शब्द आपोआप चिकटता कामा नये. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटीच घ्यायची असते.

सगळ्यांसाठी सारखे असते ते यंत्राने पूर्ण करावे आणि या एका रुग्णापुरते खरे असते ते माणसाने लिहावे, अशी रेघ मला आखावीशी वाटते. मथळा, तारीख, ठरलेल्या सूचना, तपासणीच्या मुद्द्यांची नावे हा सांगाडा झाला. तपासणीत काय आढळले, औषधाचा डोस, दिवसातून किती वेळा, डावी बाजू की उजवी, ॲलर्जी, वजन या जागा कोऱ्या असाव्यात. त्या भरल्याशिवाय कागद पुढे जाऊ नये. एखादी तपासणी केली नसेल तर ‘तपासले नाही’ असे लिहिण्याची मोकळीक असावी. ‘नॉर्मल’ या खोट्या शब्दापेक्षा ते शतपटीने चांगले. कालच्या नोंदीतून उचललेला मजकूर वेगळ्या रंगात दिसावा. औषधाच्या नावाशेजारी ते कशासाठी आहे हे छापले जावे, म्हणजे मधुमेहाच्या जागी उलटीची गोळी गेली तर औषधविक्रेत्याच्या किंवा रुग्णाच्या मुलीच्या लक्षात येईल. यातल्या कशालाही नवे यंत्र लागत नाही. प्रणाली विकत घेताना आणि ती बसवून घेताना परिचारिका, निवासी डॉक्टर आणि औषधनिर्माते यांना समोर बसवून हे ठरवून घ्यावे लागते. आपल्याकडे रुग्णालयांच्या नोंदी संगणकावर नेण्याचे काम अजून चालू आहे, म्हणून हे बोलण्याची वेळ आत्ताच आहे. एकदा हजारो पडदे बसले की बदल कठीण होतो.

घाई करण्याचे आणखी एक कारण आहे. आतापर्यंत यंत्र शब्द पूर्ण करत होते. आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्रणाली डॉक्टर आणि रुग्णाचे बोलणे ऐकून अख्खी नोंद लिहून देऊ लागल्या आहेत. डॉक्टरची नजर पडद्यावरून पुन्हा रुग्णाच्या चेहऱ्याकडे वळणार असेल तर मला त्याचा आनंदच आहे. पण अशी प्रणाली ओघवते, बिनचूक दिसणारे वाक्य लिहिते, आणि जे बोललेच गेले नाही तेही कधी कधी त्यात घालते. तिथे प्रश्नचिन्हे उमटत नाहीत. त्यामुळे तिलाही हीच अट हवी: जे ऐकले नाही, तपासले नाही, ती जागा कोरी दाखव.

हे बदल होतील तेव्हा होतील. तोपर्यंत रुग्ण आणि नातेवाइकांनी एक सवय लावून घ्यावी. डिस्चार्ज कार्ड हातात आले की पिशवीत टाकण्याआधी, काउंटरजवळच उभे राहून ते वाचावे. नाव आणि वय आपलेच आहे ना? आजार आणि बाजू बरोबर आहे ना? ज्या औषधाची ॲलर्जी सांगितली होती ती लिहिली आहे ना? आणि प्रत्येक औषधापुढे बोट ठेवून विचारावे, ‘हे कशासाठी, आणि रोज घ्यायचे ना?’ इंग्रजी येत नसेल तर वाचून दाखवायला सांगावे. डॉक्टरांना राग येईल या भीतीने गप्प बसू नये. आपण विचारल्यामुळे डॉक्टरला ती ओळ पुन्हा एकदा वाचावी लागते, आणि यंत्राने आपोआप भरलेले काही चुकले असेल तर ते घरी जाण्याआधी सापडते.